पाचाला दहा कमी

या, बसा. असे निंबाखाली सरकून बसा, तिकडं ऊन येतं. गाडी ती काय, समोरच उभी हाय. दारं उघडून बघा, आत बसून बघा, खाली वाकून बघा, हरकत न्हाई. पण सौद्याचं बोलणं मागनं. आधी तुमचा मोबाईल बंद करा आन् ह्या डब्यात टाका. हसू नका हो. मुरमुऱ्याचा डबा हाय, झाकण घट्ट बसतं. तुम्ही कोण, कुठल्या गावचे, ते मी इचारत न्हाई, ती माझी जुनी सवय हाय. पण गाडी घ्यायला एवढ्या लांब आलात, तर हिची हकिकत ऐकूनच घ्या. दोष लपवून वस्तू गळ्यात मारायची, हे आपल्याच्यानं होत न्हाई.

तारामती, दोन चहा टाक गं. साखर बेतानं.

तर मी शेषेराव. ह्या मुखेड डेपोत चौतीस वर्षं कंडक्टरकी केली. तुम्ही म्हणाल, इजेवरच्या गाडीचा आन् यष्टीच्या कंडक्टरचा काय संबंध? हाय. ऐका. कंडक्टरला समदं ठावं असतं. कोण कुठं चढलं, कुठं उतरलं, कुणासंगं बसलं, कुणाच्या डोळ्याला पाणी होतं. सासरहून निघालेली बाई तिकीट मागते, तवाच कळतं, ही माहेरी चालली का पळून चालली. पण गाडी डेपोत लागली की ते समदं गाडीतच सोडून खाली उतरायचं. घरी आणायचं न्हाई, पारावर न्यायचं न्हाई. हे मला कुणी शिकवलं न्हाई. एका बाईचा जीव गेला, तवा मी शिकलो.

नवीन होतो. मुखेड-जळकोट गाडी. एक बाई गाठोडं घेऊन जळकोटच्या अलीकडं एका फाट्यावर उतरली. परतीच्या खेपेला एक माणूस चढला, लई सभ्य. हात जोडून म्हणला, "भाऊ, आमची बाई कुठं उतरली हो? रागानं निघालीय, लेकरू रडून राहिलंय घरी." मला दया आली. मी फाटा सांगितला, तिनं कोणती पायवाट धरली तेबी सांगितलं. चौथ्या दिवशी त्याच शिवारातल्या विहिरीतनं तिला काढली. मला कुणी काही इचारलं न्हाई. मी फकस्त पत्ता सांगितला होता ना! पण आजबी कुणी 'कुठं उतरली' असं म्हणलं की मी तिथनं उठून जातो.

असो. आता गाडीचं.

मे महिना होता. बाजारातनं शेवग्याच्या शेंगा आन् पाडाचे आंबे घेऊन घरी आलो, तर दारात ही पांढरी गाडी उभी. कवा आली, माझ्या बायकोला, ताराला पत्ता न्हाई, आवाजच न्हाई हिला. आतनं मंजुश्री उतरली. ही पोरगी डी.एड.ला असताना आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. दोन वर्षं ताराच्या हातचं जेवली. मग लग्न होऊन उदगीरला गेली, लिंगायताच्या मोठ्या कापडदुकानवाल्या घरी, आन् तिकडंच एका खेड्यात शाळेवर लागली. त्या दिवशी उतरली ती डाव्या कानावर पदर घेऊन. तारानं पदर बाजूला सारला, बघितलं आन् परत झाकला.

"काका, सोमवारपर्यंत ठेवून घेता का? नांदेडच्या कोर्टात माझी तारीख आहे. तोवर मी वीरेशला सापडायला नको. जीव घेईन म्हणतो, आणि तो नुसतं बोलून दाखवत नाही, करतो."

वीरेश म्हणजे तिचा नवरा.

"घर तुझंच हाय, येडे. इथं आलीस, कुणाला ठावं हाय?"

"कुणालाच नाही. फोन बंद केलाय. मी तुमच्याकडं राहायचे, हे त्या घरात कुणाला माहीतही नाही."

बुधवार होता. मधी चार दिवस. मी मनाशी म्हणलं, शेषेराव, एकदा चुकलास. ही पोरगी कुठं उतरली, हे ह्या वक्ताला तोंडातनं जाऊ द्यायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी ऊन असं, की गाडीखाली बसलेलं कुत्रं जागचं हलत न्हव्हतं. लाईट गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. मी ह्याच बाजेवर पडलो होतो. गाडीची चावी आत, देवळीत. आन् एकदम गाडीतनं बारीक आवाज सुरू झाला. घुंऽऽ... पीठगिरणी लई लांब चालू असावी तसा. कुत्रं उठून जे पळालं, ते दोन दिवस दिसलं न्हाई. मी काचेला हात लावला. गार. आत कुणी न्हाई, दारं बंद, आन् एसी सुरू.

मंजुश्री दारात आली. तिनं गाडीकडं बघितलंच न्हाई, आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"पाचाला दहा कमी," ती म्हणली, आन् उंबऱ्यावरच बसली.

मग हळूहळू बोलली. गाडी तिच्या सासऱ्याची, शिवलिंगअप्पांची. दुकानात गादीवर बसल्या बसल्या म्हाताऱ्याच्या हातात फोन. गाडी कुठं चालली, कुठं थांबली, किती चार्ज उरला, समदं फोनवर बघायचे. लेकापेक्षा सुनेवर जीव. तिची शाळा पाचला सुटायची. पाचाला दहा कमी झाले की हे तिकडं उदगीरात बसून फोनवरनंच गाडीचा एसी लावायचे. 'आमची मंजव्वा उन्हातनं येणार, गाडी तापलेली नको.' मरायच्या आधी गाडी तिच्या नावावर करून दिली. पण फोनातलं मालकपण राहिलं त्यांच्याच फोनात.

"मग आता तो फोन कुणाकडं हाय?"

तिनं कानावरचा पदर पुढं ओढला.

"अप्पांकडंच आहे, काका."

तुम्हाला ठावं असंल, लिंगायतात माणूस जाळत न्हाईत. खड्डा खांदून आत कोनाडा करतात, त्यात मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर लिंग, अंगाला विभूती, बेलाची पानं. अप्पा संक्रांतीच्या सुमाराला गेले, शेतातच समाधी दिली. आन् माती लोटायच्या आधी त्यांच्या बायकोनं, गंगम्मानं, तो फोन कोनाड्यात त्यांच्या मांडीपाशी ठेवला. लोकांना वाटलं, म्हातारी पिसाळली दुःखानं. जंगम, म्हणजे त्यांचा पुरोहित, तोबी काही बोलला न्हाई.

"अव्वा पिसाळल्या नव्हत्या," मंजुश्री म्हणली. "वीरेश रोज अप्पांचा फोन घ्यायचा आणि मला जाब विचारायचा. दवाखान्यापाशी अकरा मिनिटं का थांबलीस? बाजूच्या सीटवर कोण बसलं होतं? गाडीला सगळं माहीत असायचं, काका. अप्पा माझ्यावरच्या मायेनं बघत होते आणि तेच बघून मला मार बसत होता. अप्पांना हे शेवटी शेवटी कळलं. मग ते फोन उशाखाली घेऊन झोपायला लागले. अव्वांनी तो फोन वीरेशच्या हाती लागू नये, म्हणून पुरला."

मी म्हणलं, चार महिने जमिनीखाली पडलेला फोन कसला एसी लावतोय! तारेत काही बिघाड असंल. असं म्हणलो खरं. पण शुक्रवारी तिनं गाडीची स्क्रीन लावून काहीतरी दाबलं आन् मला बोलावलं. एकाखाली एक ओळी. 'गाडी कुठं आहे ते पाहिलं: शिवलिंग यांचा फोन.' पुढं वेळ. सकाळी सातला, साडेसातला, आठला. एका दिवसात बावीस डाव.

भुताचं मला काही वाटलं न्हाई, खरं सांगतो. भूत पत्ता इचारत फिरत न्हाई, माणूस फिरतो. ही गाडी माझ्या दारात उभी राहून कुणाला तरी सांगून राहिली होती, मंजुश्री इथं उतरली म्हणून. मी आयुष्यभर तोंडाला कुलूप लावलं आन् दारात ही बया उभी! लाथ घालावी वाटली.

शनिवारी सकाळीच आम्ही नांदेड गाठलं. माझा भाचा, आदर्श, तिथं इजेच्या गाड्यांचं काम करतो. त्यानं गाडीला वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला आन् बघता बघता त्याचा चहा निवला.

"मामा, हिला दोन फोन जोडलेले हायत. नंबर दोन्हीकडं एकच. एक जुना. दुसरा सात दिवसांमागं जोडलाय. कुणीतरी त्याच नंबरचं नवं सिम काढलं, ओटीपी आला, झालं काम."

"वीरेश," मंजुश्री म्हणली.

"म्हणजे त्याला ठावं हाय, ही मुखेडात हाय ते?" मी इचारलं. "मग तीन दिवस झाले, तो आला कसा न्हाई?"

आदर्शनं स्क्रीन आमच्याकडं फिरवली. नकाशा होता. त्यावर एक ठिपका.

"त्यानं बघितलं पन्नास डाव. पण दर डावाला गाडीनं त्याला हे ठिकाण दाखवलं. मुखेड न्हाईच. उदगीरपाशी एक शेत हाय."

मंजुश्रीनं स्क्रीनला बोट लावलं आन् काढून घेतलं.

"ही अप्पांची समाधी आहे."

बाहेर रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तेवढाच आवाज.

"गाडी खोटं बोलली?" मी इचारलं.

"गाडीला खोटं बोलता येत न्हाई, मामा. तिला कुणीतरी बोलायला लावावं लागतंय." आदर्शनं ओळी खाली सरकवत एक ओळ दाखवली. "आन् हा जुना फोन बघा. रोज पाचाला दहा कमी असताना जागा होतो. बॅटरी एक टक्का. चार महिने झाले, एक टक्काच."

मग त्यानं समजावलं. मालकपण बदलायचं तर ओटीपी त्या नंबरला जाणार, म्हणजे वीरेशच्या हातात, आन् तो सावध होणार. त्यापरीस एक फ्यूज काढला की गाडीचं नेट तुटतं. मग हिला कुणाशी बोलता येत न्हाई, वीरेशच्या फोनावर शेवटचं ठिकाण तेवढं राहील. मी म्हणलं, काढ. त्यानं फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. नखाएवढा. तो मी अजून पाकिटात बाळगतो.

परतताना कंधारच्या पुढं आलो. चार्ज पुरावा म्हणून मंजुश्रीनं एसी बंद ठेवला होता, काचा खाली, गरम वारं तोंडावर येत होतं. एकाएकी चारी काचा आपोआप वर गेल्या. आन् गार वारं सुटलं. त्या वाऱ्याला वास होता... विभूतीचा, शिळ्या बेलाचा, आन् खोल खणलेल्या मातीचा. मंजुश्रीनं गाडी थांबवली न्हाई. रडत रडत चालवत राहिली. मी घड्याळ बघितलं न्हाई. बघायची गरज न्हव्हती.

सोमवारी कोर्टात वीरेश आलाच न्हाई. आली गंगम्मा, त्याची आई. एकटी, यष्टीनं. व्हरांड्यात म्हातारीनं सुनेला पोटाशी धरलं. मग हळू आवाजात सांगितलं.

वीरेश रोज त्या समाधीवर जाऊन येत होता. ठिपका तिथं, पण गाडी न्हाई. त्याला वाटलं, कुणीतरी फोन उकरून काढलाय आन् आपली थट्टा करून राहिलंय. रविवारी भर दुपारी कुदळ घेऊन गेला. सांज झाली तरी परतला न्हाई, म्हणून गडी बघायला गेले. "कोनाडा उघडा होता मंजव्वा... आन् त्यांच्या म्होरं हा बसलेला. तशीच मांडी. तसाच डावा हात वर. डोळे उघडे. वर काढला, घरी आणला, जेवला, निजला. पण बोलत न्हाई. आज पहाटं पाचाला दहा कमी झाले, तवा डावा हात आपोआप वर आला."

"आणि फोन, अव्वा?"

"फोन न्हव्हता ग. माझ्या हातानं ठेवलेला. कोनाड्यात न्हव्हता."

वीरेशनं जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा कागद मंजुश्रीला मिळाला. गंगम्मानं ते नवं सिम दगडानं ठेचलं, आदर्शनं गाडीतली समदी नोंद पुसून ती कोरी केली, कागदपत्रं साफ हायत, विक्रीच्या कागदावर मंजुश्रीची सही हाय, तुम्ही तपासून घ्या. पुढं मंजुश्रीला दुसरीकडं शाळा मिळाली. मी म्हणलं, गाडी ने पोरी, अप्पानं तुझा जीव वाचवला. तर ती काय म्हणली, सांगतो. ते माझ्या मनातनं जात न्हाई.

"काका, अप्पा माझं भलंच बघायचे. पण बघायचेच ना. लग्नाच्या सात वर्षांत एक दिवस असा नाही, की मी कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मला एकदा तसं राहून बघायचंय. कुणालाच सांगू नका. अप्पांनाही नाही."

मी तिला स्वतः यष्टीत बसवून दिलं. कंडक्टरला नमस्कार घातला, ओळख सांगितली न्हाई. कुठली गाडी, ते फकस्त मला आन् ताराला ठावं.

ती गेली, तरी नऊ दिवस ही गाडी पाचाला दहा कमी झाले की गार व्हायची. फ्यूज माझ्या पाकिटात. दहाव्या दिवशी बंद. मी नारळ फोडला. म्हणलं, सुटला बिचारा म्हातारा. अकराव्या दिवशी त्याच वेळेला माझा फोन वाजला. हा असला, बटणाचा, नेट न्हाई काही न्हाई. मी उचलला. आधी काहीच न्हाई, रिकाम्या रांजणाला कान लावल्यावर येतो तसा आवाज. मग कुणीतरी लई मायेनं बोललं...

"कंडक्टर... आमची मंजव्वा कुठं उतरली?"

चाळीस वर्षांमागं असंच हात जोडून इचारलं होतं एकानं. ह्यातबी तेवढीच माया होती. मला सांगावं वाटलं हो! ओठावर आलं होतं. बिचारा उन्हाची काळजी करून राहिला होता. पण मी फोन ठेवला आन् ताराजवळ बसून लेकरावाणी रडलो.

रोज न्हाई येत. कधी आठ दिवसांनी, कधी महिन्यानं. दुसऱ्याच्या फोनातनं वाट काढील, भरवसा न्हाई, म्हणून त्या वक्ताला इथं कुणाचाबी फोन असला, की डब्यात. तुम्ही गाडी खुशाल न्या. हिच्यात आता काही न्हाई. तो गाडी शोधत न्हाई.

घ्या, चहा घ्या, निवला. वाजले किती?

...

थांबा. हा आवाज डब्यातनं येतोय का? माझा फोन आत ताराजवळ हाय. तुम्ही तुमचा बंद केला होता ना? माझ्या म्होरंच बंद केलात. झाकण उघडू नका... वाजू द्या. वाजून वाजून राहील. पण तुमच्या फोनावर कशाला? तुमचा तिच्याशी काय संबंध? तुम्ही आलात कुठून? गाव कोणतं तुमचं?

काय? माहूर?

आवं, माहूरलाच तर आमची मंजू...

...

थांबला बघा. वाजायचा थांबला.

तारा... ए तारा, मंजूला फोन लाव गं. आत्ता लाव.